तिसरीच्या वर्गाने लिहिलेल्या पाट्या

प्रथम क्षमा मागतो. आठवणी लिहाव्यात असं माझं वय नाही, आणि तेवढं माझ्या आयुष्यात काही घडलेलंही नाही. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. घरी लिहिण्याचं काम म्हणजे लग्नपत्रिकांवर पाहुण्यांची नावं घालणं, ते आठवीपासून माझ्याकडे आहे. त्यापलीकडे लिहायला बसलो की आपण कुणाच्या तरी खुर्चीत बसलोय असं वाटतं. शिवाय जे सांगणार आहे ती माझी चूक आहे, आणि ती लिहिण्यातूनच झाली. तरी तिसरीतल्या मुलांमुळे मला जे कळलं ते विसरून जाऊ नये म्हणून लिहितो. कमीजास्त झालं तर सांभाळून घ्यावं.

आम्ही लोणी काळभोरच्या थोडं पुढे राहतो. वडील एका रोपवाटिकेत कामाला आहेत, आई घरचं अर्धा एकर रान बघते. हल्ली आमच्या कॉलेजात समाजकार्याचे ठरावीक तास भरावे लागतात. कुणी झाडं लावायला टेकडीवर गेलं, कुणाला दवाखान्यात मदतीला पाठवलं. माझ्या वाट्याला शनिवार पेठेतली एक लहानशी प्राथमिक शाळा आली. तिसरीचा वर्ग, विषय मूल्यशिक्षण. शनिवारी सकाळची शाळा असते, त्यातला शेवटचा तास माझा. सार्वजनिक ठिकाणी कसं वागावं, दुसऱ्याचा मान कसा ठेवावा, हे मी शिकवायचं होतं. मी, जो अकरावीत पहिल्यांदा शहरात आलो तेव्हा बसच्या रांगेत मधूनच शिरलो होतो आणि एका आजोबांनी "या, या, तुमचीच बस आहे" म्हटल्यावर खरंच पुढे गेलो होतो.

वर्गाच्या बाईंना भेटायला मी आधी एका गुरुवारी गेलो. बसमधून उतरताना माझ्या सॅकचा पट्टा तुटला. शाळेच्या फाटकाशेजारी भिंतीला टेकून एक म्हातारे गृहस्थ बसले होते. खाली दुमडलेलं गोणपाट, समोर पत्र्याची पेटी, पेटीत दाभण, मेण लावलेला दोरा, चेनचे निरनिराळे रनर. दप्तरं आणि बॅगा दुरुस्त करणारे. सगळी शाळा त्यांना चाचा म्हणते हे नंतर कळलं. मी काही बोलायच्या आत त्यांनी हात पुढे केला.

"कॉलेज?"

"हो."

"मग दोनदा शिवतो. दप्तराचा पट्टा शाळेपुरता असतो."

मधली सुट्टी होती. फाटकाच्या गजांमधून एका मुलाने आपलं दप्तर पुढे केलं. चाचांनी माझा पट्टा तसाच मांडीवर ठेवला, त्याची अडकलेली चेन सोडवली आणि म्हणाले, "चेन ओढायची नसते राजा, चालवायची असते." मुलगा म्हणाला, "मागच्या वेळीपण तुम्ही हेच सांगितलं होतं." चाचा म्हणाले, "मागच्या वेळीपण तू हेच केलं होतंस."

बाई वर्गात होत्या. तीस वर्षं शिकवतात. मला वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाल्या, "तुम्ही शिकवायला आलात की प्रवेश घ्यायला?" मग मुलांकडे वळून, "हे दादा... नाही, सर म्हणायचं. वयाकडे बघू नका, त्यांनाही त्रास होतो."

पहिले तीन शनिवार मी भाषणं केली. मोठ्यांचा आदर, स्वच्छता, रांग. मी विचारायचो आणि मुलं एका सुरात बरोबर उत्तरं द्यायची. कचरा कुठे टाकावा? कचऱ्याच्या डब्यात! कुणाशी कसं बोलावं? नम्रपणे! आणि तास संपला की दारातून एकमेकांना ढकलत बाहेर. बाई म्हणाल्या, "उत्तरं त्यांची बालवाडीपासून पाठ आहेत. तुम्ही वेगळं काहीतरी करा."

वेगळं काय ते मला येताजाता सापडलं. बसस्टॉपपासून शाळेपर्यंतच्या गल्ल्यांमध्ये फाटकांवर, जिन्याखाली, दुकानांच्या फळ्यांवर ज्या पाट्या असतात त्या मी दर वेळी वाचत यायचो. आमच्याकडे कुणी दारात गाडी लावली तर आतून आरोळी येते. इथे पाटी बोलते, तीही अहो-जाहो करून, आणि माणूस गपचूप गाडी काढतो. मला ते फार सुधारलेलं वाटायचं. वाटलं, मुलांकडूनच पाट्या लिहून घ्याव्यात. शाळेभोवती जे जे चुकीचं दिसतं त्यावर एकेक पाटी. कार्डशीट आणि स्केचपेन बाईंनी दिली. मी सांगितलं, "शब्द थोडे हवेत, आणि वाचणाऱ्याला टोचलं पाहिजे." हे मीच सांगितलं. शब्द माझेच होते.

वर्ग इतका शांत मी आधी पाहिला नव्हता. पुण्यातली मुलं ती. टोचायचं कसं हे त्यांना शिकवावं लागलं नाही. एकाने लिहिलं, "हॉर्न वाजवला म्हणून शाळा लवकर सुटत नाही." दुसऱ्याने, "येथे थुंकणाऱ्याने पुसूनही जावे. फडके आत मिळेल." बाई तोंडावर पदर घेऊन हसत होत्या.

कडेच्या बाकावर एक मुलगी बसायची. बोलायची कमी, अक्षर मात्र छापल्यासारखं. बाहेरच्या भिंतीवर मुलांनी दिवाळीआधी चित्रं रंगवली होती आणि शाळा सुटायची वाट बघणारे पालक तिथेच टेकून बसायचे. तिने काढलेल्या मोराची शेपटी कुणाच्या तरी शर्टाने पुसली गेली होती. तिने लिहिलं, "भिंतीला टेकून बसू नये. भिंत शाळेची आहे, तुमच्या घरची नाही."

मी तिची पाटी वर्गासमोर वाचली, टाळ्या वाजवायला लावल्या. शाळा सुटल्यावर आम्ही सगळ्या पाट्या बाहेर लावल्या. तिची पाटी सगळ्यांत चांगली, म्हणून ती फाटकाजवळच्या जागी लावायची असं मी ठरवलं. तिथे भिंतीत एक खिळा आधीच होता. मला वाटलं, किती सोय! स्टुलावर चढून मी ती पाटी अडकवली, लांब जाऊन फोटो काढला आणि आमच्या कॉलेजच्या सरांना पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला. परत जाताना बसमध्ये मी तो फोटो चार वेळा काढून पाहिला.

खिळा का होता याचा विचार मी केला नाही. चाचा शनिवारी बसत नाहीत, त्या दिवशी ते दोरे-रनर आणायला जातात. त्यांचं गोणपाट मात्र तिथेच पाइपामागे घडी करून ठेवलेलं होतं. मी ते पायाने थोडं सरकवलं, स्टूल नीट बसावं म्हणून.

पुढच्या शनिवारी वर्गात शिरलो तर तीन-चार जण एकदम बोलायला लागले.

"सर, चाचा येत नाहीत."

"सर, माझी चेन तुटलीय, आई म्हणते नवीन दप्तर मिळणार नाही."

"सर, ते आजारी आहेत का?"

मी बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "सोमवारी आले होते. मी खिडकीत होते. भिंतीसमोर उभे राहिले थोडा वेळ. मग गोणपाट उचललं, पेटी डोक्यावर घेतली आणि गेले. मला वाटलं काही विसरलं असेल."  मग हळूच म्हणाल्या, "खिळा त्यांचा होता हो. शिवून झालेली दप्तरं त्यावर अडकवायचे."

 मी तसाच बाहेर गेलो आणि पाटी काढली. ती हातात घेऊन चाचा बसायचे त्या जागी उभा राहिलो तर पाटी जिथे होती ती जागा बरोबर डोक्यावर येत होती. "तुमच्या घरची नाही." बाकीच्या पाट्या कुणालाही लागू होत्या. ही एकाच माणसाच्या डोक्यावर टांगलेली.

मागे वळलो तर ती मुलगी फाटकात उभी.

"सर, माझी पाटी वाचून गेले का?"

नाही म्हणावं असं फार वाटलं. आठ वर्षांची मुलगी. पण मला नाही म्हणता आलं नाही. म्हणालो, "हो. पण पाटी तू लिहिलीस, ती इथे लावली मी."

ती म्हणाली, "मी मोरासाठी लिहिली होती." आणि आत गेली. त्या तासाला मी कार्डशीट वाटली तेव्हा तिने तिची परत दिली.

घरी आईला सांगितलं. ती शेंगा फोडत होती. आधी तिने हसून घेतलं, हॉर्नच्या पाटीला. मग चाचांचं ऐकून हात थांबवला. "शिकायला पाठवला तर लोकांच्या पोटावर पाय द्याया लागला व्हय रं?" मी म्हणालो, मुद्दाम नाही केलं. ती म्हणाली, "मुद्दाम न्हाय केलं तरी लागतंच की. जाऊन बघ त्येला. हितं बसून काय व्हनार हाय?"

शाळेसमोरच्या चहावाल्याकडून पत्ता मिळाला, पलीकडच्या पेठेतल्या एका बोळातला. बुधवारी कॉलेज सुटल्यावर गेलो. दाराला कुलूप. शेजारच्या दारात एक बाई कपडे वाळत घालत होत्या.

"चाचा कुठे गेलेत?"

"मुलीकडे. वाघोलीला."

"कधी येतील?"

"ते सांगून जायला त्यांचं काय ऑफिस आहे?" मग माझ्याकडे नीट बघत, "तुम्ही कोण?"

"शाळेतून आलोय."

"पाटीवाल्या शाळेतून?"

मी मान खाली घातली. त्यांनी हातातली ओढणी झटकून दोरीवर टाकली. "कुणी लावली होती?"

"मी."

त्या चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "त्यांना राग नव्हता आला. मला म्हणाले, शाळेने जागा परत मागितली. शाळेची भिंत आहे, इतकी वर्षं बसू दिलं. फक्त एवढंच म्हणाले की तोंडी सांगितलं असतं तरी मी उठलो असतो. पाटी कशाला लावायची?"

 मग त्यांनीच विचारलं, "काही निरोप द्यायचाय?"

"जागा त्यांचीच आहे म्हणावं."

"जागा तुमच्या नावावर आहे का?"

"नाही. शाळेतल्या बाईंनी सांगितलंय. पाटी मी काढलीय, ही बघा."

"मग बाईंनी सांगितलंय असं सांगते. आणि तुमचं काय?"

"माझी चूक झाली म्हणून सांगा."

"हां," त्या म्हणाल्या, "हे सांगते." आणि मला पाणी आणून दिलं.

चाचा फोन ठेवत नाहीत. वाघोलीचा पत्ता त्या बाईंनाही माहीत नव्हता. नव्या सोसायट्यांच्या मागे कुठेतरी, एवढंच. निरोप पोचेल तेव्हा पोचेल.

शनिवारी मी वर्गात जे घडलं ते सगळं सांगितलं. मुलांसमोर आपली चूक सांगताना आवाज विचित्र होतो.  मग आम्ही एक नियम केला, तो अजून आहे. पाटी लिहायची, पण आधी ज्याच्यासाठी लिहिली त्याच्यासमोर उभं राहून ती वाचून दाखवायची. तोंडावर म्हणता आलं तरच भिंतीवर लावायची.

हे कळल्यावर निम्म्या पाट्या मुलांनी आपणहून बदलल्या. हॉर्नवाला गट शाळा सुटताना एका स्कूटरवाल्या काकांसमोर जाऊन उभा राहिला. आदल्या शनिवारपर्यंत जे वाक्य त्यांना फार आवडलं होतं ते काही केल्या तोंडातून निघेना. शेवटी एकजण म्हणाला, "काका, तुम्ही हॉर्न वाजवला की आम्हाला बाईंचं ऐकू येत नाही."

काकांनी गाडी बंद केली. "कुणी शिकवलं रे हे?"

"सरांनी."

"कुठायत सर?" मुलांनी माझ्याकडे बोट दाखवलं. काका म्हणाले, "हे? हे तर अजून दहावीचेच वाटतायत." सगळे हसले, मीही हसलो. पुढच्या आठवड्यात त्यांनी सवयीने हॉर्न वाजवला आणि लगेच कान पकडला. आता भिंतीवर पाटी आहे, "हॉर्न वाजवला की बाईंचे ऐकू येत नाही." टोचत नाही. पण वाचणारे वाचतात.

थुंकणाऱ्याला गाठायला मात्र कुणी धजावलं नाही. बाई म्हणाल्या, "तो गट माझ्याकडे द्या." त्यांनी काय केलं माहीत नाही, कोपरा आता स्वच्छ असतो.

चाचांची जागा रिकामी होती. रिकामी जागा बघून दुसऱ्याच आठवड्यात तिथे स्कूटर लागायला लागल्या. एका शनिवारी मी फाटकाशी पोचलो तर ती कडेच्या बाकावरची मुलगी एका काकूंसमोर उभी. काकू गाडी स्टँडवर लावत होत्या.

"काकू, इथे चाचा बसतात."

"कोण चाचा? कुणी दिसत तर नाही."

"येणारेत."

"कधी?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मला काही माहीत नव्हतं. ती काकूंना म्हणाली, "ते माहीत नाही. पण येणारेत." काकूंनी तिच्याकडे बघितलं, काहीतरी पुटपुटल्या आणि गाडी पुढे नेली. नंतर मधल्या सुट्टीत आळीपाळीने दोघे तिथे उभे राहायला लागले. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "मी कशाला अडवू? तुमच्या तीन भाषणांपेक्षा हे बरं आहे." त्यांनी रोजच्या परिपाठानंतर पाळ्यासुद्धा वाटून दिल्या.

त्या दिवसांत मला शाळेत जायला आवडायला लागलं होतं हे कबूल करतो. एवढी चूक करून आनंद वाटावा हे बरोबर नाही असं मनात यायचं, तरी वाटायचा. मुलं दारातून निघताना अजून ढकलतात, पण ढकलल्यावर मागे वळून बघतात. सॉरी कधी म्हणतात, कधी नाही. एक जण बसच्या कंडक्टरला "थँक्यू काका" म्हणाला तर कंडक्टरने त्याला दोनदा विचारलं, "काय म्हणालास?" हे त्याने वर्गात साभिनय करून दाखवलं. फक्त दर शनिवारी फाटकाशी आलो की आधी भिंतीकडे बघायचो. गोणपाट नाही. मग आत जायचो.

असे पाच शनिवार गेले. मग माझ्या परीक्षा आल्या. परीक्षेच्या दिवसांत मी फोन आईकडे देऊन टाकतो, नाहीतर माझा अभ्यास होत नाही. परीक्षेसाठी शाळेत जाणं थांबवण्याआधी बाईंना सांगून ठेवलं होतं, काही कळलं तर निरोप ठेवा. बाईंना टाइप करायला आवडत नाही, त्या आवाजच पाठवतात. आईला वाचता येत नाही आणि फोनमधलं काही दाबायला ती घाबरते, त्यामुळे तो पदराच्या गाठीत नाहीतर मसाल्याच्या डब्याशेजारी पडून असतो.

शेवटच्या पेपरच्या आदल्या दुपारी मी मागच्या खोलीत वाचत होतो. आई दारात आली. एका हातात फोन, तो जरा अंगापासून लांब धरलेला.

"आरं, भाकरीचं पीठ लागलं बोटाला अन् ह्यो बोलाया लागला. तुझ्या शाळंतल्या बाईंचा आवाज हाय."

"काय म्हणाल्या?"

"त्यो पट्टं शिवनारा म्हातारा आला म्हनं. सोमवारपासनं बसतोय. निरोप मिळाला त्येला, उशिरानं मिळाला. ती पोरगी मधल्या सुट्टीत त्येच्याम्होरं जाऊन उभी ऱ्हायली, अन् बोलली. बाई म्हनत्यात, काय बोलली ते मला खिडकीतनं ऐकू आलं न्हाय, पर लई येळ बोलत व्हती." आई थांबली, नीट आठवून घेतलं. "अन् पेटी आता डोक्यावरनं न्यायाची न्हाय म्हनं. संध्याकाळी शाळंतच ठिवतोय. बाईंनी कपाट रिकामं करून दिलंय त्येला."